आधी पायरी शोधा, मग अभ्यास घ्या: पहिली ते तिसरीच्या लेकरांचं वाचन आणि गणित घरी कसं घ्यावं

दुसरीतलं लेकरू 'क'ची बाराखडी न अडखळता म्हणतं, शंभरपर्यंत धडाधड बोलतं, वहीत धडा नीट उतरवून काढतं. त्याच धड्यातल्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून 'हे काय लिहिलंय?' म्हणून विचारलं की मात्र ते गप्प होतं. पाठ म्हणणं, बघून उतरवणं आणि वाचणं ही तीन वेगळी कामं आहेत. घरी बहुतेक वेळा पहिली दोनच घेतली जातात, कारण ती डोळ्यांना दिसतात: वही भरते, आवाज ऐकू येतो. तिसरं राहून जातं आणि त्याची उणीव चौथीत गेल्यावर कळते.

हा लेख मराठी माध्यमाच्या पहिली ते तिसरीसाठी आहे. निपुण भारत हे लहान वर्गांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात इयत्तेनुसार अपेक्षा दिल्या आहेत, त्या घरच्या अभ्यासालाही माप म्हणून उपयोगी पडतात. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचं न पाहिलेलं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचता यावेत, ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतची वजाबाकी यावी. तिसरीत मिनिटाला किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि सोपे गुणाकार. आपलं लेकरू याच्या मागे असेल तर घाबरून वरच्या पायरीला हात घालू नका. ते जिथं आहे तिथूनच चढवायचं असतं.

## १. तयारी

वस्तू एकदाच जमवा आणि एका पिशवीत ठेवा. रोज शोधाशोध झाली की चौथ्या दिवशी अभ्यास बंद पडतो.

- पाटी आणि लेखण. पहिलीसाठी वहीपेक्षा पाटी बरी, चुकलेलं पुसलं की संपलं.
- बोटभर लांबीच्या १२० काड्या. तुराटीच्या किंवा खराट्याच्या चालतील. तुराटीची टोकं फरशीवर घासून बोथट करा.
- काड्या बांधायला १२ रबरं किंवा सुतळीचे तुकडे.
- ५० चिंचोके.
- जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूपासून कापलेली ४० कार्डं, चार बोटं रुंद. अक्षर जाड पेनानं, कार्डभर मोठं काढा.
- भिंतीवरचं कॅलेंडर, शाळेची पुस्तकं, आणि मोठ्या माणसानं नोंदी ठेवायची एक छोटी वही.

पुस्तक फाटलं किंवा हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतं.

वेळ ठरलेली हवी. पहिलीला रोज २० मिनिटं, तेही दहा-दहाच्या दोन भागांत. दुसरी-तिसरीला ३० ते ३५ मिनिटं पुरतात. शाळेतून आल्या आल्या बसवू नका, आधी खाणं आणि खेळ. कापूस वेचणीच्या दिवसांत माय संध्याकाळी दमून येते. तेव्हा अभ्यास सकाळी शाळेआधी घ्या, पण वेळ आठवड्याच्या मध्ये बदलू नका. संध्याकाळी लाईट जात असेल तर वाचन उजेड असताना उरकून घ्या, काड्यांचं गणित अंधुक उजेडातही होतं.

सावधान: घरात तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर चिंचोके वापरून झाले की लगेच मोजून पिशवीत टाका. नाकात, घशात अडकतात.

अभ्यास एकाच माणसानं घ्यावा. बाप एक सांगतो, काका दुसरं, शिकवणीवाले तिसरं, यात लेकराचा गोंधळ होतो. हातच्याची वजाबाकी तीन माणसांनी तीन तऱ्हांनी शिकवलेलं मूल एकही तऱ्हा धड वापरत नाही.

## २. लेकरू कुठल्या पायरीवर आहे ते शोधा

यासाठी १५ मिनिटं लागतात आणि ती वाचवायची नाहीत. तपासणीचे शब्द स्वतःच्या हातानं कागदावर लिहा. पुस्तकातलं पान घेऊ नका, ते पाठ झालेलं असतं.

वाचनासाठी:

1. दहा सुटी अक्षरं, उलटसुलट क्रमानं: म, ग, ब, न, श, ल, त, घ, ड, क.
2. दहा छोटे शब्द, काही बिनमात्रेचे, काही मात्रांचे: घर, नळ, कान, पीक, माती, केळी, दोर, सुई, पैसा, चूल.
3. चार-चार शब्दांची तीन वाक्यं.
4. सहा-सात ओळींचा नवा मजकूर आणि त्यावर दोन प्रश्न.

गणितासाठी:

1. 'मला चौदा काड्या दे.'
2. दहा संख्या दाखवून वाचायला सांगा. त्यात २९, ३१, ४०, ६७ हव्यातच.
3. पाच संख्या तोंडी सांगून लिहायला लावा.
4. २७ + १५ आणि ४२ − १७.

दहापैकी आठ बरोबर आले तर ती पायरी पक्की. जी शेवटची पायरी पक्की आहे तिथूनच सुरुवात करा, जिथं अडलं तिथून नाही. पहिले तीन-चार दिवस लेकराला सगळं येतंय असं वाटलं पाहिजे. तो वेळ वाया जात नाही. त्यातून बसायची सवय लागते आणि भीती जाते.

सावधान: तपासणी चालू असताना दुरुस्त करू नका, चेहरा पाडू नका, शेजारी मोठ्या भावाला बसवू नका. 'एवढं पण येत नाही?' हे एकदा ऐकलं की लेकरू अंदाजानं उत्तर द्यायला लागतं आणि तुमची नोंद खोटी ठरते.

## ३. वाचन

### ३.१ आधी कान

वाचता येण्याआधी शब्द तोंडानं तोडता आला पाहिजे. 'कणीस' म्हणजे क-णी-स. 'बाभूळ' म्हणजे बा-भू-ळ. टाळी वाजवत तोडा, मग उलटं करा: तुम्ही 'शे-ळी' म्हणा, लेकरानं 'शेळी' जोडावं. चालता-चालता, भाकरी थापताना रोज तीन मिनिटं. जे लेकरू कानानं शब्द जोडू शकत नाही ते डोळ्यांनी अक्षरं जोडायला अडतंच. कित्येक घरांत अक्षरं सगळी येतात तरी वाचन होत नाही, त्याचं मूळ बहुतेकदा इथंच असतं.

### ३.२ अक्षरं गटानं

क, ख, ग, घ, ङ या क्रमानं शिकवू नका. पाच अक्षरं शिकली तरी त्यातून कामाचा शब्द तयार होत नाही. त्याऐवजी म, क, न, ल, र ही पाच अक्षरं आणि काना घ्या. लगेच शब्द निघतात: मका, कान, नाक, काम, माल, मामा, काका, लाल, नरम, रकम. पहिल्याच आठवड्यात लेकरू खरं वाचायला लागतं. पुढचा गट त, प, स, ब, ळ आणि दुसरी वेलांटी: पीक, ताक, सरकी, माती, काळी, सकाळ, बाप. 'काळी माती' वाचलेल्या लेकराचा चेहरा बघा, मग पुढं ढकलावं लागत नाही.

एका गटाला सहा ते आठ दिवस द्या. रोज कार्डं पिसून दाखवा, तीन सेकंदांत ओळखलं तर ते कार्ड उजव्या ढिगात, नाहीतर डाव्या. दुसऱ्या दिवशी डाव्या ढिगापासून सुरुवात.

सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात आणू नका: म-भ, घ-ध, ब-व, प-ष, य-थ, ट-ठ-ढ, ड-इ. एक पक्कं झाल्यावर किमान दोन आठवड्यांनी दुसरं आणा. मगच दोन्ही शेजारी ठेवून फरक बोटानं दाखवा. 'ख' लिहिताना खालची जोडणी राहिली तर तो 'रव' होतो, तेवढंही दाखवून द्या.

'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत. एकट्या 'चिंच' शब्दात दोन्ही 'च' येतात. 'जीभ' आणि 'जाड' म्हणून बघा. लेकरू अडलं तर नियम सांगू नका, ओळखीचा शब्द आठवला की उच्चार आपोआप बसतो.

### ३.३ काना-मात्रा: एका अक्षराच्या बारा खुणा नव्हे, एका खुणेची बारा अक्षरं

बाराखडी म्हणताना गळा चालीवर धावतो, डोळे कागदावर नसतात. म्हणून 'क'ची बाराखडी तोंडपाठ असलेलं लेकरू सुटा 'के' दाखवला की मनात 'क का कि की' म्हणत तिथवर पोचतं. वाचताना एवढा वेळ नसतो.

उलटं करा. एक खूण घ्या आणि ती सगळ्या ओळखीच्या अक्षरांना लावा: का, मा, ना, ला, रा, ता. ती पक्की झाली की दुसरी. क्रम असा ठेवा: काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा, दोन्ही उकार, अनुस्वार, पहिली वेलांटी, दोन मात्रे, काना-दोन मात्रे. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवली आहे. ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, त्यामुळे 'कि'ला लेकरू 'इक' वाचतं. इथं बोट आधी अक्षरावर ठेवायला शिकवा, मग वेलांटीवर.

सरावाला आपल्याच मराठवाड्यातल्या गावांची नावं घ्या. एसटीच्या पाट्यांवर, दुकानांवर ती रोज दिसतात:

- बिनखुणेचं: वसमत
- काना: जालना, मानवत, उमरगा
- वेलांट्या: परळी, परभणी, किनवट, उदगीर
- उकार: लातूर, परतूर, तुळजापूर
- मात्रा आणि काना-मात्रा: केज, सेलू, भोकर, पाटोदा
- अनुस्वार: कळंब, नांदेड, निलंगा, हिंगोली
- 'ऐ' आणि 'औ': वैजापूर, औसा
- जोडाक्षरं: कन्नड, पूर्णा, अर्धापूर

बसस्थानकावर थांबलात तर 'ती गाडी कुठली?' विचारा. घाईनं स्वतःच सांगून टाकू नका.

तपासा: के, मी, ला, नो, सु, ती, पा, रू, बै, गि अशा दहा सुट्या खुणा कागदावर विस्कळीत लिहा. आठ बरोबर आल्याशिवाय जोडाक्षराकडे जाऊ नका.

### ३.४ वाक्य आणि परिच्छेद

बोट शब्दाखाली ठेवून वाचू द्या. बोट काढायची घाई करू नका, पहिली-दुसरीत ते असावंच. एकच सहा ओळींचा उतारा तीन दिवस वाचून घ्या: पहिल्या दिवशी अडखळत, दुसऱ्या दिवशी सावकाश, तिसऱ्या दिवशी बोलल्यासारखा. रोज नवा उतारा दिला तर लेकरू रोज अडखळतच राहतं.

लेकरू अडलं की काय करायचं, याचा क्रम पाळा:

1. मनात पाचपर्यंत मोजा, गप्प राहा. निम्म्या वेळा ते स्वतःच काढतं.
2. शब्दाचा पुढचा भाग बोटानं झाका, पहिलं अक्षर वाचू द्या, मग बोट सरकवा.
3. तरी अडलं तर शब्द सांगा, आणि पूर्ण वाक्य पहिल्यापासून वाचायला सांगा.

पहिल्याच सेकंदाला शब्द सांगून टाकणं ही मोठ्यांची सगळ्यात पक्की सवय आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. लेकरू मग पानाकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं.

वाचून झाल्यावर तीन प्रश्न: एकाचं उत्तर मजकुरात सरळ आहे, दुसरा 'असं का झालं?', तिसरा 'तू असतास तर काय केलं असतंस?' दुसरीनंतर महिन्यातून एकदा घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द होतात ते मोजा आणि वहीत लिहा. लेकराला आकडा सांगायची गरज नाही. वेगाच्या नादात शब्द गिळले जातात, म्हणून चुका शंभरात पाचापेक्षा जास्त होत असतील तर वेग मोजणं थांबवा.

### ३.५ जोडाक्षरं

आधी सारखीच दोन: पत्ता, कन्नड, अण्णा. मग उभी दांडी कापली जाणारी: म्हैस, पुस्तक, ग्लास. शेवटी 'र'. त्याची चार रूपं चार दिवस वेगवेगळी घ्या: सूर्य, प्रकाश, ट्रक, पऱ्हाटी. रफार असलेला शब्द वाचताना 'र' कधी म्हणायचा हे लेकराला कळत नाही, कारण तो डोक्यावर बसतो पण उच्चार आधी होतो. 'पूर्णा' हे नाव पाटीवर 'पू-र-णा' असं तोडून दाखवा आणि मग जोडा.

### घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

'विहीर' लिहिलेलं असताना लेकरू 'इहीर' म्हणालं, 'पाणी'ला 'पानी' किंवा 'वेळ'ला 'येळ' म्हणालं, तर त्याला वाचता आलंय. अक्षरं ओळखली, अर्थ लागला, फक्त तोंडात घरचा उच्चार आला. तिथं थांबवून हसू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या आणि तुम्ही तेच वाक्य एकदा पुस्तकातल्या उच्चारानं म्हणा. दुरुस्ती लिहिताना करा: 'बोलताना आपण पानी म्हणतो, लिहिताना ण.'

तांड्यावर घरी गोरमाटी बोलतात, काही घरांत दखनी उर्दू, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड. अशा घरांत धडा मराठीतून वाचू द्या, पण अर्थ घरच्या भाषेत सांगा आणि उत्तरही घरच्या भाषेत चालू द्या. 'मराठीतच बोल' असं घरात फर्मान काढल्यानं मराठी सुधारत नाही, लेकरू बोलणं कमी करतं.

## ४. लेखन

लेखन कमीच ठेवा. धडा पाच वेळा उतरवून काढणं बंद करा, त्यात हात शिकतो, डोकं शिकत नाही. रोज पाच शब्द तोंडी सांगून लिहून घ्या, तेही त्या दिवशी वाचलेलेच. दुसरीपासून दोन वाक्यं स्वतःची: आज काय खाल्लं, शेतात काय दिसलं. त्यातल्या ह्रस्व-दीर्घाच्या सगळ्या चुका लाल करू नका. एक चूक निवडा, ती समजावून द्या, बाकीच्या राहू द्या.

लेखण अंगठा आणि तर्जनीत धरून मधल्या बोटावर टेकवायची. मुठीत धरली जात असेल तर तिचा लांब तुकडा काढून बोटभराचा द्या, मूठ आपोआप सुटते. डावखुऱ्या लेकराचा हात बदलू नका.

## ५. गणित

### ५.१ मोजणं

शंभरपर्यंत बोलता येणं म्हणजे मोजता येणं नव्हे. चिंचोके पसरा, एकेक बाजूला सारत मोजू द्या. झाल्यावर विचारा, 'किती झाले?' लेकरू पुन्हा एकपासून मोजायला लागलं तर शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. इथं आठवडा लागला तरी लागू द्या.

### ५.२ दहाची पेंढी

कडब्याची पेंढी आणि पेंढ्यांचा शेकडा आपल्याकडच्या लेकरांनी पाहिलेला असतो, त्याच शब्दांनी दशक-शतक शिकवा. कडब्याच्या पेंढीत ताटं कमी-जास्त असतात, आपली पेंढी मात्र दहा काड्यांचीच, हे आधी ठरवून घ्या. लेकरानं स्वतः मोजून बांधावी. तुम्ही बांधून दिलेल्या पेंढीत दहा आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि ते परत एकेक मोजत बसतं.

आधी ११ ते १९: एक पेंढी आणि सुट्या. मग २०, ३०, ४० नुसत्या पेंढ्यांचे. मग मधल्या संख्या. पाटीवर दोन घरं आखा, डावीकडे दशक, उजवीकडे एकक. तीन पेंढ्या आणि चार सुट्या मांडल्या की त्याखालीच ३ आणि ४ लिहा. दहा पेंढ्या एकत्र बांधल्या की शंभर, आणि तिसरं घर.

तपासा: '३४ मधला ३ म्हणजे किती काड्या?' 'तीन' असं उत्तर आलं तर पुढं जाऊ नका. उत्तर 'तीस' हवं.

### ५.३ संख्यांची नावं

मराठीत एकक आधी बोलतो, दशक नंतर: ते-वीस. लिहिताना मात्र दशक आधी. म्हणून 'तेवीस' ऐकून लेकरू ३२ लिहितं. हा निष्काळजीपणा नाही, कानानं जे ऐकलं तेच हातानं उतरवलं. उपाय: संख्या ऐकल्यावर आधी 'तेवीस म्हणजे वीस आणि तीन' असं मोठ्यानं म्हणायचं, पेंढ्या मांडायच्या, मगच लिहायचं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा बरीच ओरड झाली. पण समजावण्यापुरती ही फोड फार कामाची आहे. रूढ नाव सोडायचं नाही, त्याच्या शेजारी फोड ठेवायची.

दुसरी अडचण 'एकोण'ची. एकोणतीसमध्ये 'तीस' ऐकू येतं, म्हणून ३९ किंवा ३१ लिहिलं जातं. तीन पेंढ्या मांडा, त्यातली एक काडी काढा: तीसला एक कमी, म्हणजे एकोणतीस. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास हीच रीत, पार एकोणनव्वदपर्यंत. फक्त ९९ ला 'नव्व्याण्णव' म्हणतात, ते वेगळं सांगा. ५५, ४५ आणि ७५ यांची नावंही मिसळतात. रोज अशा दोनच जोड्या घ्या, कॅलेंडरवर ३१ पर्यंत आणि पुढं कार्डांवर.

### ५.४ हातच्याची बेरीज

२७ + १५. दोन पेंढ्या सात सुट्या, त्याखाली एक पेंढी पाच सुट्या. सुट्या एकत्र केल्या: बारा. त्यातल्या दहा बांधा, पेंढी झाली, ती पेंढ्यांच्या घरात सरकवा. चार पेंढ्या, दोन सुट्या: ४२. हातचा म्हणजे ही नवी पेंढी. हे न करता नुसतं 'हातचा एक वर लिही' सांगितलं की उत्तर ३१२ येतं, आणि ते चुकीचं का, हे लेकराला कळत नाही.

### ५.५ हातच्याची वजाबाकी

सगळ्यात जास्त लेकरं इथं अडतात. ४२ − १७ चं उत्तर ३५ येतं, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून लेकरू सातातून दोन वजा करतं. 'लहानातून मोठं जात नाही' हे त्याला सांगणारे आपणच असतो. त्यापेक्षा काड्यांनी हा क्रम करा:

1. चार पेंढ्या, दोन सुट्या मांडा. खालची १७ मांडायची नाही, ती द्यायची आहे. इथं बऱ्याच घरांत चूक होते: दोन्ही संख्या मांडतात आणि लेकरू बेरीज करून टाकतं.
2. 'सात सुट्या दे.' दोनच आहेत. थांबा, मार्ग त्याला सुचू द्या.
3. एक पेंढी सोडा. आता तीन पेंढ्या, बारा सुट्या. पुन्हा मोजून घ्या: एकूण ४२ च आहेत ना?
4. बारातून सात द्या, उरल्या पाच. तीन पेंढ्यांतून एक द्या, उरल्या दोन. उत्तर २५.
5. पडताळा: २५ + १७ = ४२.

पहिले तीन दिवस नुसत्या काड्या, लिहिणं नाही. पुढचे तीन दिवस काडीची एक कृती, लगेच पाटीवर तिची एक नोंद: पेंढी सोडली की ४ खोडून ३, आणि २ चे १२. त्यानंतर नुसतं लिहून, काड्या बाजूला ठेवून, अडलं तर हात लावायची मुभा. तिसरी पायरी आधी घेतली की महिनाभरानं सगळं पुन्हा करावं लागतं.

शेवटी शून्याची उदाहरणं: ५० − २३. इथं ३३ उत्तर येतं, कारण शून्यातून तीन जात नाहीत म्हणून लेकरू तीनच लिहितं. पाच पेंढ्या, सुटी एकही नाही, एवढं मांडून दाखवलं की २७ येतात.

### ५.६ शाब्दिक उदाहरणं

'बेरीज करायची का वजाबाकी?' असं लेकरू विचारतं तेव्हा उत्तर देऊ नका, गोष्ट करून दाखवायला सांगा. 'जास्त आलं की बेरीज, कमी आलं की वजाबाकी' ही युक्ती तर शिकवूच नका. 'आपल्याकडं नऊ शेळ्या आहेत, त्या मामाच्या शेळ्यांपेक्षा तीननं जास्त, तर मामाच्या किती?' यात 'जास्त' शब्द आहे आणि वजाबाकी आहे. आठवडी बाजारात वीसची नोट लेकराच्या हातात द्या, बारा रुपयांची भाजी घेऊ द्या, परत किती येणार ते आधी विचारा.

### ५.७ पाढे

आधी २, १० आणि ५, मग ३ आणि ४. चिंचोक्यांच्या रांगा मांडून पाढा आधी तयार करू द्या, पाठांतर नंतर. तपासणी मधूनच करा: 'चार सक?' लेकरू 'चार एके चार' पासून सुरू करत असेल तर चाल पाठ आहे, पाढा अजून नाही.

## ६. आठवडा कसा बसवायचा

सोमवार ते शुक्रवार निम्मा वेळ वाचन, निम्मा गणित. त्यात नवं एकच, बाकी कालचं. शनिवारी नवं काही नाही, फक्त आठवड्याची तपासणी आणि वहीत दोन ओळी: काय पक्कं झालं, कुठं अडलं. रविवारी सुट्टी द्या. सलग तीन दिवस एकाच जागी अडलं तर एक पायरी खाली या. चौथ्यांदा तेच आवाज चढवून सांगितल्यानं कळत नाही.

## ७. आई-बाप ऊसतोडीला जात असतील तर

दिवाळीच्या आसपास निघून मार्च-एप्रिलपर्यंत बाहेर राहिलं की वर्षाचा निम्मा अभ्यास जातो, म्हणून निघायच्या आधी तीन कामं करा. गावात हंगामी वसतिगृह (आई-बाप बाहेर असताना लेकरांची गावातच केलेली सोय) सुरू होणार का, ते मुख्याध्यापकांना विचारा. लेकरू सोबत न्यायचंच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड, मागून घ्या. आणि वर सांगितलेली पिशवी सोबत बांधा. कारखान्याजवळच्या शाळेत दाखल करताना दाखला नाही किंवा उशिरा मिळणार, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये तसं स्पष्ट आहे.

लेकरू आजीजवळ राहणार असेल आणि आजीला वाचता येत नसेल तरी अडत नाही. तिनं शिकवायचं नाही, ऐकायचं आहे. रोज लेकरानं उतारा वाचून दाखवायचा आणि आजीनं 'मग काय झालं?' विचारायचं. पैसे मोजणं, शेंगा मोजणं, पेंढ्या सोडणं-बांधणं हे तर आजीचंच काम. आठवड्यातून एकदा फोनवर लेकराला चार ओळी वाचायला लावा आणि पूर्ण ऐका.

## ८. गुरुजींना, मॅडमना काय विचारायचं

'आमचा कसा आहे?' विचारलं की 'बरा आहे' एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: सध्या कुठली अक्षरं किंवा कुठला घटक चालू आहे, माझं लेकरू वाचनात कुठल्या पायरीवर आहे, वजाबाकी वर्गात कुठल्या रीतीनं शिकवता. घरी तीच रीत वापरा. तुमच्या नोंदींची वही सोबत न्या.

पुस्तक नाकाजवळ धरणं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणं, हाक मारल्यावर एकाच बाजूनं ओ देणं, कान वाहणं, यांतलं काही दिसलं तर अभ्यास वाढवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्या दिवशी लेकरू गैरहजर राहू देऊ नका. ती तारीख चुकली तर ग्रामीण रुग्णालयात न्या. अक्षरं उलटी लिहिणं पहिलीत नेहमीचं आहे. तिसरीच्या मध्यावरही रोजच्या सरावानंतर ते कमी होत नसेल तर वहीतली पानं घेऊन वर्गशिक्षकांशी बोला आणि पुढची तपासणी कुठं करायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या.